एक जनुक, तीन नावे

फळमाशी म्हटले की मुळशी तालुक्यातल्या कोळवणच्या शेतकऱ्याला आंबा, कारली नासवणारी कीड आठवेल. जनुकशास्त्रज्ञांची फळमाशी वेगळी. पिकल्या केळ्याभोवती घोंगावणारे तांबड्या डोळ्यांचे चिलट, म्हणजेच ड्रोसोफिला, ती हीच.

या चिलटाचा एक उत्परिवर्ती वाण भारतीय संशोधकांनी अभ्यासला. १९९३ साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तापमान वाढले की ही चिलटे लुळी पडत आणि गारवा मिळताच पुन्हा हालचाल करू लागत. म्हणून बिघडलेल्या जनुकाला नाव मिळाले ‘स्तंभ ए’. मराठी वाचकाला या नावाचा अर्थ सांगायला नकोच.

पण या नावातून जनुकाचे काम कळते का? फ्यूज काढला की दिवा विझतो, म्हणून फ्यूज प्रकाश देतो असे आपण म्हणत नाही. बिघाडाचे लक्षण आणि मूळ कार्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९९८ साली दुसऱ्या एका गटाने दुसऱ्या गुणसूत्रावरच्या ४४ई या पट्ट्यातील एका जनुकाला ‘सीएमपी४४ई’ म्हटले. २००० साली चिलटाचा जनुकसंच वाचून झाला. त्यात सुमारे १३,६०० जनुके असल्याचा अंदाज निघाला. संगणकाने शोधलेल्या या जनुकांना क्रमांक मिळाले आणि प्रत्येकापुढे कार्याची टीप लिहिणे सुरू झाले. २००४ मध्ये ‘रोलिंग ब्लॅकआउट’ या नावाने एका जनुकाचे वर्णन झाले. त्याच्या प्रथिनाची अक्षरमाला मेद तोडणाऱ्या लायपेज विकरांशी थोडी जुळत होती. म्हणून टीप पडली, ‘लायपेज’. ही तिन्ही नावे एकाच जनुकाची, सीजी ८७३९ ची!

पुढे टीप बदलावी लागली. किण्वातही याचे भावंड आहे, ईएफआर३. ते स्वतः मेद तोडत नाही. दुसऱ्या एका विकराला पेशीपटलाशी धरून ठेवते, असे २००८ मध्ये दिसले. ते विकर पेशीपटलातील संदेशवहनाला लागणारा मेदरेणू घडवते. २०१४ मध्ये ईएफआर३ ची रचना उलगडली. ती दांड्यासारखी निघाली. लायपेजची ठेवण तीत नव्हती.

म्हणजे जनुकापुढची टीप हा अंतिम निकाल नव्हे. ते पुराव्यावर उभे असलेले विधान आहे. साम्यावरून केलेला तर्क आणि प्रयोगाने मिळालेला पुरावा यांचे वजन सारखे नसते. पुस्तकात ‘अमुक जनुकाचे अमुक कार्य’ असे वाक्य आले, की वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा: कशावरून?