खापा ते सेवाग्राम : आव्यातल्या हवेचा मागोवा

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना बुटीबोरीच्या आसपास टाकळघाट आणि खापा ही गावं लागतात. १९६८मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं. टाकळघाटला जुनी वस्ती निघाली, खाप्याला शिळावर्तुळं. तिथल्या लोखंडी वस्तूंची, घोड्याच्या लगामांची चर्चा पुष्कळ झाली. मातीकामाच्या दृष्टीनं मात्र खरा ठेवा आहे तो काळ्या-तांबड्या भांड्यांचा.

त्यातला अडीच हजार वर्षांपूर्वीचा एखादा वाडगा आतून आणि काठाला काळा, बाहेरून तांबडा असतो. त्याला रंग दिलेला नाही. दोन्ही रंग आगीचे आहेत. भांडी पालथी घालून भाजत, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. राखेत, भुशात दबलेल्या तोंडाला हवा मिळत नाही, तिथे धूर मुरतो आणि माती काळी पडते. उघड्या पाठीला हवा मिळते, मातीतलं लोह तांबडं होतं. हवा कुठे द्यायची आणि कुठे तोडायची, हे त्या कुंभाराला नेमकं ठाऊक होतं.

याच वाटेनं पुढे सेवाग्राम आहे. १९४४मध्ये शांतिनिकेतनातून, नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकून देवी प्रसाद इथे कलाशिक्षक म्हणून आले. आले चित्रकार म्हणून, रमले मातीत. हातानं काम करत शिकायचं, हे गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीचं सूत्र होतं, आणि मातीकामाइतकं त्याला साजेसं दुसरं काय असणार? कुंभाराचा हात आणि कलावंताची नजर एकाच माणसात असावी, हा त्यांचा आग्रह इथेच पक्का झाला.

१९६२मध्ये ते लंडनला गेले. युद्धविरोधी संघटनेचं सरचिटणीसपद सांभाळताना त्यांनी चाक सोडलं नाही. १९८३मध्ये परतल्यावर दिल्लीत त्यांचं स्टोनवेअर बहरलं. गावच्या कुंभाराचा आवा, म्हणजे उघडी भट्टी, साधारण ७०० ते ९०० अंशांपर्यंत तापतो, स्टोनवेअरला १,२०० अंशांच्या वर जावं लागतं. त्या धगीत भट्टीची हवा कोंडली की भुकेली ज्वाळा ग्लेझमधल्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेरी लेपातल्या, धातूंचाच प्राणवायू ओढून घेते. मग लोहातून करडा-हिरवा उमटतो, तांब्यातून लाल.

२०१०मध्ये दिल्लीच्या ललित कला अकादमीत त्यांच्या साऱ्या कामाचं प्रदर्शन भरलं. पुढच्याच वर्षी ते गेले.

खाप्याचा कुंभार त्यांचा गुरू नव्हता, पण दोघांची विद्या एक आहे. म्हणूनच एकाला पुरातत्त्वाच्या कपाटात आणि दुसऱ्याला कलादालनात बसवण्याची आपली रीत मला खटकते. विदर्भात मातीकाम शिकणाऱ्या मुलांना ग्लेझची सूत्रं देण्याआधी खाप्याचा काळा-तांबडा वाडगा दाखवावा आणि पालथं भांडं भाजून पाहायला लावावं. ज्याला साध्या आव्यात हवा राखता आली, त्याला मोठी भट्टी परकी वाटणार नाही.