गावाचा संघ : ग्रीन बे पॅकर्सचे चाहते होण्यापूर्वी

समजा, तुम्ही एका कंपनीचा शेअर घेतलात. त्यावर लाभांश कधीच मिळणार नाही. त्याची किंमत वाढणार नाही. बाजारात तो विकता येणार नाही, फार तर मुलाबाळांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या नावावर करता येईल. असा शेअर कोण घेईल?

अमेरिकेत असे शेअर घेतलेले सुमारे 5 लाख 38 हजार लोक आहेत. बरेच जण त्याचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावतात. तो शेअर आहे ‘ग्रीन बे पॅकर्स’ या अमेरिकन फुटबॉल संघाचा.

आपल्या घरांतली मुलं हल्ली क्रिकेटच्या जोडीला युरोपातला फुटबॉल आणि अमेरिकेतला बास्केटबॉल पाहतात. अमेरिकन फुटबॉल मात्र ‘काही कळत नाही बुवा’ म्हणून मागे राहतो. त्याची ओळख करून घ्यायची तर सुरुवात या संघापासून करावी. सर्वाधिक अजिंक्यपदं याच संघाकडे आहेत हे एक कारण. खरं कारण वेगळं आहे : नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएलच्या 32 संघांत कोणा धनिकाच्या किंवा त्याच्या कुटुंबाच्या मालकीचा नसलेला हा एकच संघ आहे. तो लोकांचा आहे.

आधी खेळ समजून घेऊ

मैदान 100 यार्डांचं, प्रत्येक बाजूला 11 खेळाडू, 15 मिनिटांचे चार भाग. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत किमान 10 यार्ड पुढे जायचं असतं. प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. चार चेंडूंत दहा धावा काढायच्या, जमलं तर पुन्हा नवे चार चेंडू, असं समजा. नाही जमलं तर चेंडू समोरच्या संघाकडे. म्हणूनच चौथ्या प्रयत्नाला संघ बहुधा धोका पत्करत नाही. चेंडू लाथेने दूर पाठवून देतो.

चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचलं की ‘टचडाउन’, त्याचे 6 गुण. त्यानंतर लाथेने चेंडू खांबांमधून मारला की आणखी 1. टचडाउन न करता दुरूनच खांबांमधून मारला तर 3. सगळ्या चालींचा सूत्रधार म्हणजे ‘क्वार्टरबॅक’. चेंडू फेकायचा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे तो काही सेकंदांत ठरवतो. नजर त्याच्यावर ठेवली की अर्धा खेळ कळायला लागतो.

टोपी फिरवून सुरू झालेला संघ

ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातलं, मिशिगन सरोवराच्या एका फाट्यावर वसलेलं शहर. लोकसंख्या 2020 च्या जनगणनेनुसार 1 लाख 7 हजार. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस यांच्या पंगतीत बसलेलं हे लहानसं गावच म्हणायचं.

ऑगस्ट 1919 मध्ये कर्ली लॅम्बो हा तरुण आणि स्थानिक वृत्तपत्रातला क्रीडा-पत्रकार जॉर्ज कॅल्हून यांनी हा संघ उभा केला. लॅम्बो नोकरीला होता मांस डबाबंद करणाऱ्या ‘इंडियन पॅकिंग कंपनी’त. (नावातल्या ‘इंडियन’चा आपल्याशी काही संबंध नाही.) गणवेश आणि साहित्यासाठी कंपनीने 500 डॉलर दिले आणि संघाचं नाव पडलं पॅकर्स. मैदानाला कुंपण नव्हतं, त्यामुळे तिकिटाचा प्रश्नच नव्हता. सामना चालू असताना कॅल्हून प्रेक्षकांत टोपी फिरवी आणि जे जमेल त्यावर खर्च भागे.

1921 मध्ये संघ राष्ट्रीय लीगमध्ये आला, पण पैशाची चणचण कायम. 1922 च्या मोसमात पाऊस आडवा आला. प्रेक्षक आले नाहीत आणि कर्ज झालं. तेव्हा गावातल्या प्रतिष्ठित मंडळींनी पुढाकार घेतला आणि 1923 मध्ये 5 डॉलरला एक याप्रमाणे शेअर विकून 5 हजार डॉलर उभे केले. आपल्या भाषेत सांगायचं तर वर्गणी काढली.

संघाचा नफा कोणाच्याही खिशात जाणार नाही, हे तेव्हाच ठरलं. संघ कधी मोडीत निघालाच तर उरलेला पैसा माजी सैनिकांच्या स्थानिक संघटनेला सैनिकांच्या स्मारकासाठी द्यायचा, अशी तरतूद झाली. (1997 पासून त्या जागी संघाची धर्मादाय संस्था आहे.) या कलमाचा परिणाम मोठा झाला. संघ विकून श्रीमंत होण्याचा मार्गच बंद झाला. अमेरिकेत मालकाला दुसऱ्या शहरात जास्त पैसे दिसले की तो संघ उचलून तिकडे नेतो. शहर बघत राहतं. ग्रीन बेचा संघ उचलून नेणार कोण?

त्यानंतर 1935, 1950, 1997, 2011 आणि 2021 मध्ये पुन्हा शेअरविक्री झाली. पहिल्या दोन वेळा संघ बुडायच्या बेतात होता. अलीकडच्या तीन वेळा पैसा मुख्यतः मैदानाच्या कामासाठी उभारला. 2021 मध्ये एका शेअरची किंमत होती 300 डॉलर.

लॅम्बो फील्ड

आजचं मैदान 1957 मध्ये सुरू झालं. त्याआधी, 1956 मध्ये, ते बांधायला सार्वजनिक कर्ज काढायचं की नाही यावर गावात मतदान झालं. प्रचारसभेत बोलायला कोण आलं असेल? शिकागो बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलास, म्हणजे पॅकर्सच्या सर्वांत जुन्या हाडवैऱ्यांचे प्रमुख. मैदान बांधा, असं त्यांनी ग्रीन बेच्या लोकांना सांगितलं. तगडा प्रतिस्पर्धी टिकला तरच आपल्या विजयाला किंमत, हे त्यांना ठाऊक होतं. प्रस्ताव दोनास एक अशा मतांनी मंजूर झाला. नव्या मैदानातला पहिला सामना बेअर्सशीच झाला आणि पॅकर्सनी तो 21–17 असा जिंकला.

1965 मध्ये कर्ली लॅम्बोच्या निधनानंतर मैदानाला त्याचं नाव दिलं गेलं. आज तिथे 81,441 जण बसतात, म्हणजे शहराच्या लोकसंख्येच्या तीन-चतुर्थांश! तरीही तिकीट मिळत नाही. पूर्ण मोसमाच्या तिकिटांसाठीच्या प्रतीक्षायादीत सव्वा लाखाहून जास्त नावं आहेत. बाळ जन्माला आलं की त्याचं नाव यादीत घालून ठेवणारे आईवडील तिथे आहेत.

तीन नावं, एक सामना

चाहता म्हणवून घ्यायचं तर काही नावं तोंडी हवीत.

पहिलं नाव व्हिन्स लोम्बार्डी. 1958 मध्ये पॅकर्सनी 12 पैकी फक्त एक सामना जिंकला. पुढच्या वर्षी हे कडक शिस्तीचे प्रशिक्षक आले आणि 1961 ते 1967 या सात वर्षांत पाच अजिंक्यपदं आली. पहिले दोन ‘सुपर बोल’ त्यांतलेच. आज सुपर बोल विजेत्याला मिळणारा चषक लोम्बार्डींच्या नावाचा आहे.

दुसरं बार्ट स्टार. 1956 च्या खेळाडू-निवडीत त्याचा नंबर लागला दोनशेवा. म्हणजे आधी 199 जण निवडून झाल्यावर! तोच लोम्बार्डींचा क्वार्टरबॅक झाला.

या दोघांचा सामना म्हणजे 31 डिसेंबर 1967 चा ‘आइस बोल’. अजिंक्यपदाची लढत, समोर डॅलस काउबॉइज, तापमान उणे 25 अंश सेल्सियस. मैदानाखालची जमीन उबदार ठेवणारी यंत्रणा बंद पडली आणि गवताचा बर्फ झाला. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटू लागल्या. तरी सुमारे 50 हजार लोक शेवटपर्यंत बसून होते. 16 सेकंद उरलेली, पॅकर्स तीन गुणांनी मागे. सोपी लाथ मारून बरोबरी साधायची, की जिंकायला जायचं? चेंडू कोणाकडेही न देता स्टार स्वतःच रेषेपलीकडे घुसला. निकाल 21–17.

पुढे मात्र मोठा दुष्काळ पडला. 1968 ते 1991 या 24 मोसमांत संघ फक्त दोनदा बाद फेरीत पोचला. एक पिढी हरतच मोठी झाली, पण मैदान भरलेलंच राहिलं. मग 1992 मध्ये ब्रेट फार्व्ह आला आणि 1993 मध्ये तिसरं नाव, रेजी व्हाइट. कुठल्याही संघात जायची मुभा असलेला हा नामांकित बचावपटू मोठी शहरं सोडून ग्रीन बेला आला, आणि दुसरे खेळाडूही या गावाचा विचार करू लागले. 1996 च्या मोसमाचं अजिंक्यपद आलं. 2010 च्या मोसमात एरन रॉजर्सच्या नेतृत्वाखाली आणखी एक मिळालं. एकूण 13. 2023 पासून क्वार्टरबॅकची जागा जॉर्डन लव्हकडे आहे.

चाहत्यांच्या रीती

विस्कॉन्सिन हा दुधातुपाचा, म्हणजे त्यांच्या भाषेत चीजचा प्रदेश. शेजारचे लोक चिडवायला त्यांना ‘चीजहेड’ म्हणत. 1987 मध्ये राल्फ ब्रूनो या तरुणाने सोफ्याचा फोम कापून चीजच्या तुकड्यासारखी टोपी केली आणि ती बेसबॉलच्या सामन्याला घालून गेला. चिडवण्याचा शब्द लोकांनी डोक्यावर मिरवला. आज ती पिवळी त्रिकोणी टोपी पॅकर्सची ओळख आहे.

टचडाउन केलेला खेळाडू थेट प्रेक्षकांच्या कठड्यावर उडी मारतो, ती ‘लॅम्बो लीप’. डिसेंबर 1993 मध्ये लीरॉय बटलरने ती पहिल्यांदा मारली. जोराचा बर्फ पडला की संघ फावडी चालवायला गावकऱ्यांना बोलावतो. तासाप्रमाणे पैसे मिळतात, पण पहाटेपासून रांग लागते ती काही पैशांसाठी नव्हे.

सगळ्यात गोड प्रथा मुलांची आहे. मोसमाआधीच्या सरावाच्या दिवसांत मुलं आपापल्या सायकली घेऊन मैदानाबाहेर थांबतात. अगडबंब खेळाडू त्या चिमुकल्या सायकलवर बसून सरावाला जातो आणि मूल त्याचं हेल्मेट सांभाळत बाजूने पळतं. लोम्बार्डींच्या काळापासून हे चालू आहे.

सगळंच आलबेल आहे का?

नाही, आणि चाहत्याला तेही माहीत असावं. शेअरधारक संचालक मंडळासाठी मत देतात, जुलैच्या वार्षिक सभेला जातात. पण खेळाडू कोण घ्यायचा हे त्यांना कोणी विचारत नाही. शेअर म्हणजे महागडी भेटवस्तू, अशी टीकाही होते. 2000 साली मैदानाच्या नूतनीकरणासाठी तिथल्या काउंटीने विक्रीवर अर्धा टक्का कर बसवला, तो 2015 पर्यंत सगळ्यांनी भरला, फुटबॉल न पाहणाऱ्यांनीही.

शिवाय केवळ भावनेवर संघ टिकत नाही. दूरचित्रवाणीच्या हक्कांचे पैसे लीग सगळ्या संघांत सारखे वाटते. न्यूयॉर्कला जितके, तितकेच ग्रीन बेला. पॅकर्स आपला ताळेबंद दरवर्षी जाहीर करतात, त्यावरून कळतं की हा वाटा आता वर्षाला 40 कोटी डॉलरच्या वर आहे. ही समान वाटणी नसती तर गावाची वर्गणी कधीच अपुरी पडली असती. आणि आज असा नवा संघ काढताही येणार नाही. लीगच्या नियमांना अशी लोकमालकी चालत नाही. पॅकर्स जुने म्हणून त्यांना सवलत आहे.

आपल्याकडून पाहायचं तर

मोसम सप्टेंबरमध्ये सुरू होतो, सुपर बोल फेब्रुवारीत. ग्रीन बेला रविवारी दुपारी बाराचा सामना असेल तर आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात, मग साडेअकरा. दुसऱ्या दिवशी शाळा-कॉलेज असेल तर निदान पहिला अर्धा भाग पाहा. सुरुवात बेअर्सविरुद्धच्या सामन्याने करावी, आणि शक्य तर डिसेंबरमधल्या, बर्फातल्या.

एक काम मात्र आधी करा. घरातली जुनी ट्रंक किंवा कपाट उघडा. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांत कुठेतरी आजोबा-पणजोबांच्या नावाची एखादी पिवळी पडलेली पावती सापडेल : मराठी ग्रंथालयाच्या आजीव सभासदत्वाची, मंडळाच्या इमारतनिधीची, गणेशोत्सवाच्या वर्गणीची. त्या पैशावर त्यांना व्याज मिळालं नाही, लाभांशही नाही. ती पावती हातात घेतलीत की ग्रीन बेमधल्या दिवाणखान्यात ते बिनकिमतीचं प्रमाणपत्र चौकटीत का लावलेलं असतं, हे वेगळं समजावून सांगायला लागणार नाही.