चष्म्यावर चरे कोण पाडते?

उन्हाळ्यात माठातले गार पाणी पिताना तो माठ घडवणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार आपल्या मनात क्वचितच येतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात होळीच्या सुमारास कुंभारवाड्यांतून माठ-रांजणांची एकच घाई असते. अशाच एका कुंभारवाड्यात चाकावर बसलेले एक वृद्ध कारागीर मला म्हणाले, "सर, लंबर वाढला वाटते. माठाची कड धूसर दिसते." बोलता बोलता त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने चष्मा खसखसून पुसला. मी तो हाती घेऊन उजेडाकडे धरला. भिंगांवर बारीक चऱ्यांचे जाळे पसरले होते! नंबर वाढला असेल वा नसेल. पण त्या भिंगांतून तुम्हांलाही धूसरच दिसले असते.

असे का व्हावे? गुळगुळीत भिंगातून जाणारे किरण वक्रीभवनाच्या नियमानुसार ठरलेल्या दिशेने वळतात. चऱ्याच्या कडा मात्र वेगवेगळ्या कोनांत उतरत्या असतात. तेथे पडलेला प्रकाश भलत्याच दिशांना विखुरतो आणि दृश्यावर पांढुरका पडदा आल्यासारखे वाटते. समोर दिवा किंवा कलता सूर्य असला की हा त्रास अधिकच जाणवतो.

आता खरा प्रश्न. हे चरे पाडले कोणी? "मातीने" असे तुम्ही म्हणाल. पण जरा थांबा. कठीण पदार्थ मऊ पदार्थावर चरा पाडतो, उलट होत नाही. फ्रीडरिश मोह्ज या शास्त्रज्ञाने 1812 साली याच तत्त्वावर खनिजांची 1 ते 10 अशी काठिण्यश्रेणी तयार केली. तीत संगजिरे 1 वर, तर हिरा 10 वर आहे. चिकणमातीतील खनिजांचे काठिण्य साधारण 1 ते 2½ असते, काचेचे सुमारे 5½. म्हणजे निव्वळ चिकणमाती काचेचे काहीच बिघडवू शकत नाही. गुन्हेगार आहे तो मातीतील वाळूचा कण! आपल्याकडील काळ्या पाषाणातील फेल्स्पारचे काठिण्य 6 असते आणि त्याच पाषाणाच्या पोकळ्यांत तयार होणाऱ्या गारगोटीचे 7. खडक झिजला की हे कण नदीनाल्यांच्या मातीत येतात. शिवाय मडके तडकू नये म्हणून कुंभार मातीत वाळू मिसळतात, ती वेगळीच.

आज बहुतेक चष्म्यांची भिंगे प्लॅस्टिकची असतात. ती हलकी असतात आणि सहजी फुटत नाहीत, पण काचेपेक्षा पुष्कळ मऊ असतात. त्यांच्यावर चरारोधक लेप दिला, तरी वाळूपुढे तो फार काळ टिकत नाही.

पुसताना बोटाचे बल थोडेच असते, हे खरे. पण दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. 100 ग्रॅम वजनाइतके बल कणाच्या 0.01 चौरस मिलिमीटर टोकावर एकवटले, तर तेथील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे हजारपट होतो!

एक प्रयोग करून पाहा. पेलाभर पाण्यात चमचाभर कुंभारमाती ढवळा. मिनिटभराने वरचे गढूळ पाणी दुसऱ्या पेल्यात ओता. पहिल्याच्या तळाशी वाळू उरेल, दुसऱ्यात रात्रभरात मऊ गाळ बसेल. 0.1 मिलिमीटरचा कण 10 सेंटिमीटर खाली यायला दहा-पंधरा सेकंद घेतो, तर 0.002 मिलिमीटरचा सुमारे आठ तास. आता पारदर्शक प्लॅस्टिकच्या निकामी झाकणावर एकीकडे गाळ आणि दुसरीकडे वाळू चोळा. झाकण धुऊन दिव्यासमोर तिरपे धरा. चरे कोठे पडले, ते तुम्हीच पाहा.

उपाय यातूनच निघतो. चष्मा कधीही कोरडा पुसू नये. आधी त्यावर स्वच्छ पाण्याची धार सोडावी, म्हणजे कण न घासता वाहून जातात. मग साबणाच्या पाण्याने बोटांनी हलके धुऊन, पुन्हा धार सोडून, धुतलेल्या मऊ सुती कापडाने टिपावा. पाणी कढत नसावे. उष्णतेने लेपाला तडे जाऊ शकतात. राख किंवा दंतमंजन लावून चरे जात नाहीत. त्यांतील कठीण कण नवे चरे मात्र पाडतात. चष्मा घसरू नये म्हणून दांड्यांना दोरी बांधावी, म्हणजे चिखलाचा हात भिंगाला लागत नाही. ठेवताना भिंगे वरच्या बाजूला असावीत.

कोरडी माती कुटताना वा चाळताना चष्म्यावरून बंदिस्त संरक्षक चष्मा घालावा. गारगोटीची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसांनाही घातक असते. म्हणून शक्य तेथे माती ओली करूनच काम करणे उत्तम.

त्या आजोबांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी चाकाजवळच्या परातीतील पाण्याकडे बोट दाखवले. "मग यातच बुडवतो की!" पण त्या पाण्यात वाळूच होती! आता त्यांच्या शेजारी निवळ पाण्याचा एक वेगळा तांब्या असतो. तुमच्या घरी कोणी चष्मा वापरत असेल, तर तो कशाने पुसला जातो, हे आजच पाहा.