सगळेच फोड नागिणीचे नसतात

तोंड आले की आपण म्हणतो, ‘उष्णता झाली’. अंगावर फोड उठले की ‘नागीण’. नागीण बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते. पण तोंडातले व्रण दोन-तीन आठवड्यांत भरले नाहीत आणि अंगावर सैल, पटकन फुटणारे फोड येऊ लागले, तर ‘पेम्फिगस’ची शंका घ्यावी. यात शरीराची संरक्षणयंत्रणाच त्वचेच्या पेशी जोडणाऱ्या प्रथिनांवर उलटते. उतारवयात खूप खाज सुटून घट्ट फोड येतात, तो बहुधा ‘पेम्फिगॉइड’. दोन्ही आजार स्पर्शाने पसरत नाहीत. रुग्णाचे ताट वेगळे करू नका.

त्वचेचा लहानसा तुकडा तपासून निदान होते. स्टिरॉइड येण्यापूर्वी पेम्फिगस बहुधा जीवघेणा ठरे. १९८० च्या दशकात दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी दर महिन्याला सलग तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड देण्याची पद्धत रूढ केली. आता रिटुक्सिमॅबही मिळते. ठाकूरद्वारहून जे. जे. रुग्णालय किंवा परळचे के. ई. एम. फार लांब नाही. दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहेत. मात्र फोड सुकले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. स्टिरॉइड एकदम तोडणे जिवावर बेतू शकते.