एक दूरध्वनी वाहिनी, अनेक संगणक : बिनतारी विभाजनाचे तत्त्व आणि जव्हार-मोखाडा

प्रस्तावना

विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. सुरुवातीच्या काळात ही सेवा प्रामुख्याने दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेतून, म्हणजेच डायल-अप पद्धतीने मिळत असे. दूरध्वनी एक आणि संगणक दोन-चार, अशी स्थिती निर्माण झाल्यावर एकाच जोडणीचे बिनतारी विभाजन करण्याची पद्धत पुढे आली. ही पद्धत आज कालबाह्य झाली असली, तरी तिच्यामागील तत्त्व जव्हार व मोखाडा यांसारख्या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यांतील अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

विभाजनाची कार्यपद्धती

मोडेम हे उपकरण संगणकाच्या अंकीय संकेतांचे दूरध्वनीच्या तारेतून जाऊ शकणाऱ्या ध्वनिसंकेतांत रूपांतर करते. जोडणी झाल्यावर सेवा पुरवठादाराकडून सामान्यतः एकच आयपी पत्ता मिळतो. मोडेम जोडलेला संगणक द्वारपालाचे कार्य करतो. तो इतर संगणकांना खासगी पत्ते देतो, त्यांच्या विनंत्या स्वतःच्या पत्त्यावरून बाहेर पाठवतो आणि आलेले उत्तर नोंदीच्या आधारे योग्य संगणकाकडे पोहोचवतो. १९९९ मधील विंडोज ९८ सेकंड एडिशनमध्ये ही सोय अंतर्भूत होती. त्याच वर्षी ८०२.११बी हे बिनतारी मानक मान्य झाले. अ‍ॅपलच्या एअरपोर्ट बेस स्टेशनमध्ये तर मोडेमही अंगभूत होता. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ साली परवानामुक्त झाला.

विभाजनाची मर्यादा

८०२.११बी मानकाचा कमाल वेग ११ मेगाबिट प्रतिसेकंद, तर डायल-अपचा ५६ किलोबिट प्रतिसेकंद होता. म्हणजे घरातील बिनतारी वाट बाहेरील वाटेपेक्षा जवळजवळ २०० पट रुंद होती. परंतु त्याचा उपयोग बाहेरून माहिती आणण्यासाठी होत नसे. कमाल वेग गृहीत धरला तरी १ मेगाबाइटची धारिका उतरवण्यास सुमारे अडीच मिनिटे लागत. चार संगणक एकाच वेळी कार्यरत असल्यास प्रत्येकाच्या वाट्यास १४ किलोबिट येत व तोच कालावधी साडेनऊ मिनिटांवर जाई. तारेची लांबी व खरखर यांमुळे प्रत्यक्ष वेग याहून कमी असे. तात्पर्य, विभाजनाने जोडणीची सोय वाढते, क्षमता वाढत नाही.

जव्हार-मोखाड्याचा संदर्भ

पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेले हे दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. सह्याद्रीच्या डोंगरांत विखुरलेल्या पाड्यांपर्यंत तार नेणे खर्चिक असते, तर दऱ्याडोंगरांमुळे बिनतारी संकेतांचा थेट मार्ग अडतो. याच जिल्ह्यातील पालघर तालुक्यात खामलोली परिसरात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने दूरचित्रवाणीच्या यूएचएफ पट्ट्यातील रिकाम्या लहरींचा प्रयोग केला. कमी कंप्रतेच्या या लहरी झाडीतून तुलनेने दूरवर पोहोचतात. या लहरींनी गावापर्यंत जोडणी आणायची आणि गावात वायफायने ती वाटायची, अशी त्याची रचना होती. अर्थात, या प्रयोगाचा भर वाटपापूर्वीच्या दुव्यावर होता; डायल-अपच्या काळात नेमका तोच दुवा अरुंद होता.

अध्यापकांसाठी उपयोजन

समजा, वसतिगृहात ४ मेगाबिटची एक जोडणी ४० विद्यार्थी एकाच वेळी वापरत आहेत. प्रत्येकाच्या वाट्यास १०० किलोबिट येतील, म्हणजे डायल-अपच्या दुपटीहूनही कमी. अशा ठिकाणी आणखी एक वायफाय उपकरण बसवून प्रश्न सुटत नाही. त्याऐवजी तीन उपाय संभवतात. पहिला, अध्ययनसाहित्य चित्रफितीऐवजी शक्यतो मजकूर व ध्वनिरूपात द्यावे. दुसरा, मोठ्या धारिका रात्री एकदाच उतरवून महाविद्यालयातील स्थानिक सर्व्हरवर ठेवाव्यात. तिसरा, किविक्ससारख्या मुक्त प्रणालीद्वारे मराठी विकिपीडिया इंटरनेटविना उपलब्ध करून द्यावा. शेवटच्या दोन उपायांत अंतर्गत बिनतारी जाळ्याचा पूर्ण वेग उपयोगी पडतो.

निष्कर्ष

‘वायफाय उपलब्ध आहे’ या विधानावरून विद्यार्थ्याच्या वाट्यास किती क्षमता येते, हे कळत नाही. ऑनलाइन अध्यापन वा परीक्षेचे नियोजन करताना बाहेरील जोडणीची क्षमता आणि एकाच वेळी ती वापरणाऱ्यांची संख्या यांचा भागाकार प्रथम करणे आवश्यक आहे. तो न केल्यास तांत्रिक मर्यादेची नोंद विद्यार्थ्याच्या अनुपस्थितीत किंवा अपयशात होण्याचा धोका संभवतो.