घरातील बॅटरी : आगीची कारणे आणि प्रतिबंध

१२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री सिकंदराबादेतील एका इमारतीच्या खालच्या भागात असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरांच्या शोरूमला आग लागली. तिचा धूर वरच्या मजल्यांवरील लॉजमध्ये शिरला आणि ८ जणांचा मृत्यू झाला. आपण हैदराबादकर ही घटना विसरू शकत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये वेल्लोर येथे घरी चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली आणि वडील व मुलगी धुराने गुदमरून मरण पावले. एप्रिलमध्ये निझामाबाद व विजयवाडा येथेही घरात बॅटरी चार्ज होत असता प्रत्येकी एकाचा बळी गेला. विजयवाड्यात ती बॅटरी शयनगृहातच होती.

या घटनांचा बोध एकच आहे. बॅटरीतील दोष आपल्याला बाहेरून ओळखता येत नाही. मात्र ती कोठे आणि केव्हा चार्ज करावयाची, हे सर्वस्वी आपल्या हाती असते. आणि बहुधा त्यावरच जीव वाचणार की जाणार, हे ठरते.

आग का लागते?

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. तिच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक, स्कूटर या सर्वांत आज प्रामुख्याने तीच असते. मोबाइलमध्ये सामान्यतः एकच सेल असतो, तर स्कूटरच्या बॅटरीत डझनावारी, कधी शेकडो सेल असतात.

प्रत्येक सेलमध्ये धन व ऋण अग्रांच्या मध्ये केसापेक्षाही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो आणि भोवती ज्वालाग्राही द्राव असतो. आघात, अतिरिक्त चार्जिंग, प्रखर उष्णता किंवा निर्मितीतील दोष यांमुळे हा पडदा निकामी झाला, की आतच शॉर्टसर्किट होते. उष्णतेने रासायनिक क्रिया सुरू होतात आणि त्या क्रियांतून आणखी उष्णता निर्माण होते. उष्माघातात शरीराची तापमान-नियंत्रण यंत्रणा कोलमडते, तसाच हा प्रकार आहे. एका सेलचा ताप शेजारच्या सेलला लागतो आणि काही क्षणांत संपूर्ण बॅटरी पेटते. अनेक प्रकारच्या बॅटऱ्यांत धन अग्रातूनच प्राणवायू बाहेर पडतो. म्हणून ब्लँकेट टाकून ही आग गुदमरवता येत नाही.

काय करावे, काय टाळावे?

• स्कूटरची बॅटरी शयनगृहात, जिन्याखाली वा मुख्य दाराजवळ चार्ज करू नये. आग लागली तर बाहेर पडण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे.
• घरातील सर्व मंडळी झोपली असताना चार्जिंग करू नये. विमानप्रवासात पॉवर बँक स्वतःजवळच ठेवावी लागते. आग लागल्यास ती तत्काळ दिसावी, हा त्यामागील हेतू आहे.
• मोबाइल उशीखाली किंवा गादीवर चार्ज करू नये; उष्णता बाहेर जाण्यास वाव राहत नाही.
• उत्पादकाने दिलेला चार्जरच वापरावा. स्कूटरसाठी अर्थिंग असलेला सॉकेट हवा. एक्स्टेंशन बोर्ड नको.
• उन्हातून आलेल्या स्कूटरची बॅटरी निवल्यावरच चार्जिंगला लावावी. सामान्यतः ४५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानात चार्जिंग करू नये. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत पॉवर बँक ठेवू नये.
• रुग्णासाठी घरी ऑक्सिजन लावला असल्यास त्याच्या जवळ कोणतीही बॅटरी चार्ज करू नये.

बॅटरी फुगणे, विचित्र गोड वास येणे, 'सूं' असा आवाज होणे, हात लावता येणार नाही इतकी ती तापणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. तिला टोचू किंवा दाबू नये.

इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी वेगळ्या प्रकारची असते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून ती हवेशीर जागी ठेवावी. देवघरातील समई वा उदबत्ती तिच्या जवळ नसावी.

आग लागलीच तर

स्कूटरची बॅटरी पेटल्यास ती विझवीत बसू नये. सर्वांनी बाहेर पडावे, मागे दार लोटून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे. मोबाइल वा लॅपटॉप पेटल्यास, सुरक्षितपणे शक्य असेल तर, प्रथम वीजप्रवाह बंद करून भरपूर पाणी ओतावे. येथे ज्वाळा विझवण्याइतकेच बॅटरी थंड करणे महत्त्वाचे असते. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती घरात आणू नये.

भाजलेल्या भागावर २० मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे. बर्फ, तूप, टूथपेस्ट लावू नये.

डॉक्टर मित्रांसाठी दोन गोष्टी. या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन फ्लोराइड असतात. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत नेहमीचा पल्स ऑक्सिमीटर फसवा, सामान्य आकडा दाखवतो. त्यावर विसंबून रुग्णास घरी पाठवू नये. तसेच फुप्फुसांना सूज काही तासांनी येऊ शकते, म्हणून धूर हुंगलेल्या रुग्णास निरीक्षणाखाली ठेवणे इष्ट. हायड्रोजन फ्लोराइडमुळे त्वचा भाजली असल्याची शंका आल्यास भरपूर पाण्याने धुऊन कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लावावे.

निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. कचरागाडीत ती दबली तर तेथेही आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे विक्रेत्याकडे वा अधिकृत संकलन केंद्रावर ती द्यावी.

मधुमेह-रक्तदाबाची चौकशी करताना आपण रुग्णाला आहार व झोप विचारतो. त्यातच 'रात्री मोबाइल आणि स्कूटर कोठे चार्ज करता?' हा प्रश्नही जोडावा. उपचारापेक्षा प्रतिबंध श्रेयस्कर, हे आपण रोज सांगतोच. येथे तर त्याला कसलाही खर्च नाही. आज रात्री निजण्यापूर्वी प्लग काढून ठेवला, की सुरुवात झाली.