लोहशिलांचे वय

सिन्नरचे यादवकालीन गोंदेश्वर मंदिर ज्या काळ्या पाषाणात घडविले आहे, त्यात लोहाची ऑक्साइडे दहाव्या हिश्शाहून अधिक असतात. तथापि त्या परिसरात लोहाची खाण नाही. लाव्हारसात लोह विखुरलेलेच राहते. ते निवडून थराथराने मांडण्याचे कार्य अतिप्राचीन समुद्रांनी केले. रेडी, डिचोली व सुरजागड येथील पट्टेदार लोहशिला, ज्यांत हेमॅटाइट व सिलिका यांचे पट्टे आलटून पालटून येतात, त्या याच प्रकारच्या होत.

समुद्रजलात विरघळलेले लोह ऑक्सिडीभूत होऊन तळाशी बसले. परंतु ते ऑक्सिडीभूत कशाने झाले? वातावरणात प्राणवायू साचू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि पुष्कळ पट्टे त्याहून जुने आहेत. त्यांच्यासाठी प्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे वळावे लागते. यास्तव वय ठरल्यावाचून उत्पत्तीची चर्चा पुढे सरकत नाही.

अडचण अशी की, समुद्रतळी साचलेल्या लोहपट्ट्यांत कालमापनास योग्य असे खनिज सहसा नसते. अशा वेळी पट्ट्यांमध्ये सापडलेली ज्वालामुखीची राख उपयोगी पडते. तिच्यातील झिर्कॉनचा स्फटिक बनताना युरेनियम स्वीकारतो, शिसे मात्र जवळजवळ नाकारतो. अर्थात् पुढे आढळणारे शिसे युरेनियमच्या क्षयाचेच. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षे आहे. सह्याद्रीच्या लाव्हाथरांमधील तांबड्या मातीतूनही असेच झिर्कॉन काढून दख्खनच्या पाषाणाचे वय सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षे ठरविण्यात आले आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील हॅमर्सली येथे राखेच्या थरांनी पट्ट्यांचे वय सुमारे २४६ कोटी वर्षे दिले.

परंतु 'लोहखनिजाचे वय' या शब्दप्रयोगात दोन भिन्न प्रश्न एकत्र येतात, आणि पुष्कळ वाद या शब्दाच्या सैलपणातून उद्भवले आहेत. पट्टे साचले केव्हा, हा एक. सिलिका निघून जाऊन ते उच्च प्रतीचे खनिज झाले केव्हा, हा दुसरा. हॅमर्सलीचे खनिज सुमारे २२० कोटी वर्षांपूर्वीचे समजले जाई. २०२४ साली तेथील लोह-ऑक्साइडांचेच युरेनियम-शिसे पद्धतीने मापन झाले, तेव्हा ते १४० ते ११० कोटी वर्षांपूर्वीचे ठरले.

गोव्यात हे अंतर आणखी मोठे आहे. अनमोड घाटातील पायाभूत नाइस सुमारे ३४० कोटी वर्षांचा असून त्यावरील लोहपट्टे २५० कोटी वर्षांहून जुने मानले जातात. त्यांचे खनिजात रूपांतर मात्र जांभा बनविणाऱ्या पावसाळी हवामानात झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आणि पश्चिम किनारपट्टीवरील जांभ्यासोबतच्या मँगनीज-खनिजांची आर्गॉन पद्धतीने काढलेली वये पाच कोटी वर्षांच्या अलीकडची आहेत. म्हणजे डिचोलीचे पट्टे गोंदेश्वराच्या पाषाणाहून कितीतरी पटींनी प्राचीन, पण खाणीतून निघणारे खनिज, खनिज या नात्याने, त्या पाषाणाहून तरुण.